एक ते नऊ

खिडकीबाहेर लिव्हरपूल, तिरकी भुरभुर,
कठड्यावर एक सीगल कधीपासून
आमच्या बिस्किटांवर डोळा ठेवून.
आत आम्ही तिघं, आणि पडद्यावर एक रकाना : वय.

नेरिसला एक ते पाच हवेत.
रोग ताजा आहे का ते लहानांच्याच पापण्यांत कळतं, म्हणते,
आणि खर्चही निम्म्यावर येतो.
अस्फाव म्हणतो, नऊपर्यंत राहू दे,
इतक्या वर्षांचे आकडे त्याच मापाचे आहेत,
माप बदललं तर तुलना कशाशी करायची?
वर्षाच्या आतलं नको, यावर एकमत :
एवढीशी पापणी उलटवताना हात कापतो.

कागदावर रोगाचं नाव ग्रीक आहे.
मला ऐकू येतं ते खुपऱ्या.
खुपतात म्हणून खुपऱ्या, आणखी काय सांगायचं.
पापणी आतून खरबरीत, मग केस आत वळतात,
मग दर उघडझापीला बुबुळावर एक ओरखडा.
पण ते फार पुढे, बहुतेक बायकांत :
त्यांचा रकाना वेगळा, पंधरा आणि वर.

मी आलेख लावते.
पाचवर उंच खांब, दहावर त्याहून उंच,
नऊपाशी खड्डा.
अस्फाव हसतो. नऊ वर्षांचं पोर तपासायचं
तर उन्हात थांबा; दहा लिहिलं की घर संपलं.
आणि आयांना तरी तारीख कुठे ठाऊक?
पूल वाहून गेला त्या साली झालेला, एवढंच.
मग तो उजवा हात डोक्यावरून नेतो,
डावा कान धरून दाखवतो : पोचला तर सहा.

मी तशीच शाळेत गेले.
हाताला कान लागला, गुरुजींनी लिहिलं एक जून,
तेच पुढे पासपोर्टात, करारात, इथल्या सगळ्या कागदांत.
दर एक जूनला नेरिस लिंबाचा केक आणते.
मी मेणबत्ती विझवते. सहा वर्षांत सांगायचं जमलं नाही
की आई म्हणायची, तू झालीस तेव्हा ज्वारी हुरड्यात होती.

आज सांगणार होते.
विचारलं भलतंच : दहा ते चौदा?
ती कोणाच्याच रकान्यात नाहीत.
नेरिस म्हणाली, त्या वयात संसर्ग ओसरलेला,
केस अजून वळायचे;
पाहून हाती काय लागणार?
बरोबर आहे. ते गणित मीच केलं होतं.

तरी ती दिसतेच, भावाला कडेवर घेऊन आलेली.
त्याची मान घट्ट धरून ठेवते,
पापणी उलटते, विजेरीचा उजेड, एक आकडा.
शालीच्या टोकानं ती त्याचे डोळे पुसते,
मग त्याच टोकानं स्वतःचे.
तपासणारा म्हणतो, शहाणी आहेस, आणि पुढच्या घरी जातो.

ठरलं : एक ते नऊ.
इतिवृत्तात ‘सहमत’खाली माझंही नाव.
संगणकात कुंपण घातलं. दहा लिहिलं की लाल होतं.
नऊ लिहून पाहिलं, होत नाही.
सीगल केव्हाच उडाला होता, एक बिस्कीट उरलं होतं.

संध्याकाळी फेरीच्या धक्क्यावर, वाऱ्यात,
कोणी बघत नाही असं बघून
उजवा हात डोक्यावरून नेला.
कोटाची बाही आखडली.
कानापर्यंत पोचला नाही.