खुंटी क्रमांक सत्तावीस

सत्तावीस नंबरची खुंटी त्यांची.
टालिनच्या टेकडीवर, संसदेच्या दारात
मी एकोणीस वर्षं कोट सांभाळले.
आत कशावरून भांडतात ते कळायचं नाही,
पण कोट बोलतात.
हुगो पायुपूंच्या कोटाला मंत्री झाल्यावरही
राय धान्याचं कूस चिकटलेलं असायचं,
खिशात मोजणीची दोरी
आणि अर्धं खाल्लेलं सफरचंद.
मूळचा माणूस जमीन मोजणारा.
बड्या जर्मन जमीनदारांचे मळे कापून
शिपायांना, गड्यांना वाटले त्यांनी.
माझ्या बापालाही आली: अकरा हेक्टर, निम्मी दलदल.
बाप दलदलीलाही ‘आमची’ म्हणायचा.

एकदा कोट चढवताना म्हणाले,
“साल्मे, देश म्हणजे काय गं?
बांध कुठे आहे ते शेजाऱ्याला
न भांडता सांगता येणं.”

शेजारी फार मोठा होता.
त्याला खाली बघायची सवय नव्हती.

शेवटच्या बैठकीला सकाळी भुरभुर होती,
बुटांवर रबरी कालोश चढवून आले.
सुटताना लख्ख ऊन. विसरून गेले.
अठ्ठावीस नंबरवाले वेस्किमेट्स
हात वर करून बाहेर पडले तेव्हा
ओठ पांढरे, बोटं थरथरत,
दिसले ते कालोश ओढून निघाले.
संध्याकाळी झाडताना पाहिलं,
खुंटीखाली उरले होते ते दोन्ही डावे.

पुढच्या जूनमध्ये दोघांनाही नेलं.
एकाच स्टेशनावरून, वेगळ्या डब्यांतून.
हात वर केला की नाही
हे यादी करणाऱ्यांनी विचारलं नाही.

उरालच्या जंगलात त्यांना
ओंडके मोजायला लावलं म्हणे.
मोजणीत चूक नव्हती, भाकरीत होती.
फेब्रुवारीत गेले.

मी कालोश घरी आणले, तेल लावत राहिले.
नवरा म्हणायचा, फेक ते, जिवावर बेतेल.
नवराही गेला.

अठ्ठेचाळीस वर्षांनी त्यांची लेक दारात,
तोम्स्कहून, डोक्याला रुमाल,
आमची भाषा रशियन हेल काढत बोलणारी.
नाव हिल्या. आमच्यात त्याचा अर्थ ‘उशिरा’.
हातात सरकारी कागद: गुन्हा घडलाच नव्हता.
बरं झालं, सांगितलं त्यांनी.

मी शरमून म्हटलं, बाई, दोन्ही डावे आहेत.
ती कितीतरी वेळ बघत राहिली,
मग हसली, तोंडावर हात धरून.
“बाबा डावरेच होते,” म्हणाली.

बिल्ला घेतल्याशिवाय वस्तू द्यायची नाही
असा आमचा नियम.
बिल्ला तिच्याकडे नव्हता.
कागदाच्या मागे जप्तीची यादी होती, ती वाचून दाखवली:
चष्मा, तुटका. पट्टा. पेन्सिल.
पितळी चकती एक, आकडा २७,
उपयोग अज्ञात.

मी कालोश वर्तमानपत्रात गुंडाळून दिले.