पालथा पुरुष

तेहेतीस वर्षं मी नकाशे काढले.
नोड, सेक्टर, प्लॉट, त्यांचे पिवळे-जांभळे रंग,
आणि ट्रेसिंग पेपरवर ब्लेडनं खरवडून काढलेली
मिठागरं, खाजणं, बांधांच्या वेड्यावाकड्या रेषा.
खरवडलं की कागद तिथं पातळ व्हायचा.
उजेडासमोर धरला तर कळायचं,
पण उजेडासमोर कोण धरतं.

निवृत्त झाले त्या वर्षी करावे गावठाणातून माणसं आली.
गावदेवीचं देऊळ दगडात बांधायचं होतं.
“बाई, तुमचा हात सरळ आहे,” म्हणाले.
स्थपती कारकळहून आलेला, पुट्टण्णा आचार,
मराठी तोडकं, दोरी मात्र पक्की.
नऊ उभ्या ताणल्या, नऊ आडव्या,
चौसष्ट घरं.
म्हणाला, “इथं माणूस झोपलाय. पालथा.
डोकं ईशान्येला, पाय नैर्ऋत्येला.
उठू नये म्हणून घराघरात देव बसवलाय,
अंगावर.”

मला हसू आलं. चौकोन तर माझ्या रोजच्या ओळखीचे.
रात्री मात्र डोळा लागेना.
मीही बसवलं होतंच की घराघरात कुणाला तरी,
शाळा, पाण्याची टाकी, पेट्रोलपंप, बँक,
दाबून, नीट, मापात.
खाली कोण आहे
हा रकाना आमच्या फॉर्मात नव्हता.

पदीबाईला सांगितलं तर ती पानाची शीर काढत म्हणाली,
“त्याचा डोका आमचे उघारीवर.
पोट आमचे खारीव.
पायाचा मना नाय ठावं,
तवर बिल्डिंगी झाल्या.”

मग दगड आले.
खूर, कुंभ, जंघा, मान,
पुट्टण्णा नावं घ्यायचा आणि स्वतःचंच अंग चाचपायचा,
जंघा म्हणताना मांडीवर थाप,
मान म्हणताना छिन्नीची धूळ पुसायचा मानेवरून.
खाली एक पालथा आणि त्याच्यावर एक उभा,
असं काहीसं चाललं होतं तिथं.

समितीचे हसूराम भोईर गाभाऱ्यात फोकस लावायला निघाले,
भिंतीला चकचकीत टाइल.
पुट्टण्णा छिन्नी खाली न ठेवता बोलला,
“आईच्या पोटात ट्यूबलाइट लावतात काय?”
खिडकी नाही ठेवली. एकच निरांजन.
(दाराबाहेर हिरवा बल्ब लावलाच त्यांनी. असो.)

चैत्रात गावची पोरं पालखी घेऊन
चालत कार्ल्याला निघतात, एकवीरेला.
पदीबाईनं एकोणीस वेळा केलं ते.
आता गुडघे नाहीत.
रिक्षातून उतरते, चप्पल काढते,
ऊन, मंडप, खांबांची सावली, मग ओल, मग काळोख,
एकेक पाऊल टाकून थांबते,
जणू मधे घाट आहे.
सोळा पावलांना पाऊण तास.
उंबऱ्यावर हात टेकून म्हणते, “पोचलू.”

पायात तांब्याची डबी पुरली त्या दिवशी
तिनं मूठभर भात आणलं होतं,
लाल, खाऱ्या जमिनीतलं,
जमीन गेली त्या सालचं,
पावडरच्या डब्यात जपलेलं.
किडीनं पोखरलं होतं निम्मं.
पुट्टण्णानं ते दोन्ही हातांत घेतलं.

मी माझं ब्लेड पुढं केलं.
त्यानं पाहिलं, धार अंगठ्यानं चाचपली,
आणि परत दिलं.
“लोखंड नको, बाई. गंजतं.”

पर्समध्येच आहे अजून.
संध्याकाळी परतताना पामबीचच्या सिग्नलला थांबले.
समोर लाल आकडे, सत्त्याऐंशी, शहाऐंशी,
मागं कुणीतरी हॉर्न वाजवतंय.
हिरवा झाला तेव्हा
पाऊल जरा हळू टेकवलं,
पाठ असेल कुणाची.