मंत्री नसताना

चौथ्या मजल्यावर माझं टेबल. खिडकीतून लागान नदीचा
एक करडा तुकडा दिसतो, आणि गोदीतल्या पिवळ्या क्रेनचा खांदा.
माझं काम पत्रांना उत्तरं देणं.
गेल्या सव्वा वर्षात एक वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय
की बोटं आपसूक त्याच वाटेनं चालू लागतात:
'मंत्री पदावर नसल्यामुळे, या बाबतीत निर्णय घेता येत नाही.'

वाक्य खरं आहे. कायदेशीर आहे.
वकिलांनी तपासलेलं, स्वल्पविरामासकट.

टेकडीवरची ती पांढरी इमारत रोज झाडली जाते.
हीटर चालू असतात, हिरवळ वेळच्या वेळी कापतात.
दोन पक्ष एकमेकांशी बोलत नाहीत
आणि लंडन म्हणतं, तुमचं तुम्ही बघा,
आम्ही तर केव्हाच सोपवलंय तुमच्याकडे.
ते सोपवलेलं मधल्या मधे लोंबतंय,
दोन अंगणांमधल्या दोरीवर विसरलेल्या कोटासारखं,
बाह्या वाऱ्यानं फुगतात तेव्हा वाटतं, आत कोणीतरी आहे.

मंगळवारी स्ट्रबेनहून फोन. अट्रॅक्टा मॅकगर्क.
पत्र लिहीत नाही ती. म्हणाली, पत्राला तुम्ही पत्रच देता.
तिच्या योजनेत एकोणीस जण.
त्यातला फिंटन, वय चोवीस, शब्द सापडायला वेळ लागतो त्याला,
पण रोपवाटिकेत कुठल्या कुंडीला किती पाणी
हे मालकापेक्षा त्याला जास्त ठाऊक.
बसमध्ये त्याच्या शेजारी बर्नी बसते.
बर्नीचा पगार आमच्या खात्यातून जातो.
जायचा. एकतीस मार्चपर्यंत.

"घोडं कुठे पेंड खातंय, तेवढं सांगा."

मी सांगितलं. पैसे आहेत. फाइल आहे.
फाइलवर तीन सह्या आहेत, त्यातली एक तर हिरव्या शाईतली.
चौथ्या सहीसाठी रेघ आखलेली आहे, रेघेखाली हुद्दा.
नाव नाही.

ती बराच वेळ गप्प. मागे कुठेतरी किटली शिट्टी देत होती,
कोणी बंद करत नव्हतं.
मग म्हणाली, गंमत सांगू?
एक एप्रिलला फिंटन डबा घेऊन स्टॉपवर उभा.
बर्नी आली नाही म्हणून त्याने बस सोडली.
पुढचीही सोडली.
संध्याकाळी आईने घरी नेला, डबा जसाच्या तसा.
दुसऱ्या दिवशी पुन्हा.
आता स्टॉपजवळच्या पालिकेच्या कुंडीला तो रोज पाणी घालतो,
बाटलीतलं, स्वतःच्या प्यायचं.
"या एकदा, पॅन्सी बघून जा. आमच्याकडे
तेवढी एकच सार्वजनिक सेवा सध्या सुरळीत चालू आहे."

मी हसलो. हसायला नको होतं.

माझं म्हणाल तर मीही एजन्सीमार्फत,
तीन-तीन महिन्यांच्या तुकड्यांवर जगणारा.
दर तिमाहीला माझी मुदत वाढते, कोणीतरी सही करतं,
तेवढ्यापुरतं मंत्र्यावाचून अडत नाही.
नकार लिहायला माणूस लागतोच.

ऑफिस रिकामं झाल्यावर तिच्या फोनची नोंद करायला बसलो.
बोटं निघालीच होती: मंत्री पदावर न—
खोडलं.
रकाना विचारत होता: तक्रार, चौकशी, की इतर?
'इतर'वर टिचकी मारली.
तपशील द्या, यंत्र म्हणालं, कमाल पन्नास अक्षरं.

फिंटन रोज स्टॉपवर उभा असतो, लिहिलं.
बर्नी आली नाही की बस सोडतो.
पाण्यापर्यंत पोचलो
आणि जागा संपली.