चौथी खुर्ची

कॅम्पात किल्लेदारच्या गोदामात
त्या चौघी छताला टांगलेल्या होत्या,
खाटकाकडच्या बकऱ्यांसारख्या, पाय वर करून.
सागवानी पाय, कंपासासारखे फाकलेले,
पाठीला वेत, आणि हातांवर एवढा गुळगुळीतपणा
की कुणीतरी वर्षानुवर्षं फायली वाचता वाचता
तिथं अंगठा घाशीत बसलेलं असणार.

"मीठ शेंच्युरी आहे अक्का," बाबाजान म्हणाला.
हा शब्द त्याला पुण्याच्या एका पोरानं दिलेला.
भिंग घेऊन आला, नुसत्या पायांचे फोटो काढून गेला,
आणि तेव्हापासून तीनशेची खुर्ची
नऊ हजारांवर जाऊन बसली.
"आधी बंबात घालत होतो ह्या. खरं आता बघ,
गिऱ्हाईक विमानानं येतंय."

मी स्क्रूच्या खाचेत नख घालून पाहिलं,
लाकडाचा वास घेतला,
एकेक खाली उतरवून हातात तोलली.
साडेसहाला तुटला सौदा. वर त्याचा चहा.
ॲपे रिक्षात सुती दोरीनं बांधून
टिळकवाडीपर्यंत मी त्यांच्याबरोबर मागंच बसले,
एका हातानं दोरी, एका हातानं पदर धरून.

अंगणात धुवायला उलट्या केल्या तेव्हा दिसलं.
तिघींच्या पोटाखाली पांढरा शिक्का होता:
मुंबई राज्य, बांधकाम खातं, पंचावन्न.
त्यावर आडवा निळा रंग फासून
म्हैसूर, आणि नवा नंबर.
म्हणजे खुर्ची तिथंच, टेबल तिथंच,
बसणाराही बहुतेक तोच,
फक्त एका नोव्हेंबरात कुणी शिपाई
डबा-ब्रश घेऊन सगळ्यांच्या खाली वाकून गेला.

चौथीखाली लिहिलं होतं:
कर्नाटक, १९५८.

मी तिथंच ओल्या फरशीवर बसून हसले.
एकतीस वर्षं रजिस्ट्रार ऑफिसात स्टॅम्पपेपर उलटलेत मी.
कुठल्या साली आपण कुठल्या राज्यात होतो
हे आमच्याकडं झोपेतून उठवून विचारलं तरी चुकत नाही.
अठ्ठावन्नला कर्नाटक कुठलं?
राज्याला ते नाव पडायला अजून पंधरा वर्षं होती.

बाबाजान ओशाळला नाही.
"बसून बघितलीस काय?" एवढंच विचारलं,
दीड हजार परत दिले
आणि अनगोळचा एक पत्ता सांगितला.

इराप्पा बडिगेर चहाच्या पाण्यात
गंजके खिळे भिजवत बसलेला.
नव्या लाकडाला ते पाजलं की
एका रात्रीत म्हातारं होतंय, म्हणाला.
साल चुकलं म्हटल्यावर जीभ चावली,
पोरानं लिहिलं, त्याला काय ठाऊक.
"खरं अक्का, जुनीची पाठच चुकलंय. मानेला लागतंय.
दोन बोट मागं घेतलो मी.
साहेब लोक कुठं बसत होते ह्यात?
सही करायचे, उठायचे."

घरी येऊन बसले. खरंच, दोन बोटं.
कमरेतला तो नेहमीचा गोळा
हळूच कुठंतरी निघून गेला.
आता खऱ्या तिघी खिडकीपाशी असतात, फोटोला बऱ्या.
खानापूरची नणंद येते ती सरळ चौथीकडं जाते,
गॅसवाला पावती फाडायला तिथंच टेकतो,
मांजरालाही कुणी भिंग दिलेलं नाही.

परवा आणखी दोन सांगायला गेले.
बादलीत वेत भिजत घातलेला.
इराप्पानं कानावरची पेन्सिल काढली.
"खाली काय घालू अक्का? कुठलं सरकार?"
बाहेर टँकरचा हॉर्न वाजत होता,
त्यात मला ऐकू आलं नाही असं मी दाखवलं
आणि वेत कितपत मऊ झालाय बघायला
कोपरापर्यंत हात
बादलीत घातला.