पाणसळ

उमरग्याहून टेम्पोत आली तीन कपाटं,
सुटी, फळ्याफळ्यांची, खाकी खोक्यांत.
सोबत एक कागद: बाण, आकडे,
आणि चित्रात हसणारा माणूस
ज्याच्या घरच्या सगळ्या भिंती सरळ.

सुतार म्हणाला, बसवायचे दोन हजार.
मी म्हणालो, पंचवीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात
इंजिनं चढवली-उतरवली,
माझ्याच्यानं एक कपाट लटकणार नाही?

शिवलीला काही बोलली नाही.
ज्वारी निवडत बसली होती.

तिचं स्वयंपाकघर कायम गुडघ्याच्या खालचं.
पिठाचा डबा खाली, तिखटाची बरणी खाली,
येसराचा डबा ओट्याखालच्या अंधारात.
नवं लग्न असताना मी हौसेनं फळी ठोकली होती.
फळी राहिली. वर काही आलं नाही.
मी विचारलं नाही.
आमच्या वसाहतीत कुणी कुणाला विचारत नाही.

एकदाच, शेंगा फोडता फोडता, म्हणाली:
माळवद कसं आलं ते आठवत नाही.
त्याच्या आधी मांडणीवरचे पेले वाजले,
एकमेकांना लागून, हळू,
जसं कुणीतरी चहा मांडायला उठलंय.

आता डॉक्टर म्हणतात, वाकणं बंद.
गुडघ्यातलं वंगण संपलं.

तर भिंतीला पाणसळ लावली.
बुडबुडा डावीकडे पळाला.
ओळंबा सोडला,
खाली येईस्तोवर भिंत बोटभर मागं.
पुनर्वसनातलं घर, रांगेतलं, नंबर पडलेलं.
तीस वर्षांत कललं
की बांधतानाच असं, कोण सांगणार.
पाचर घातली, वर पुठ्ठ्याची घडी.

ड्रिल मुजीबचं.
पहिल्या भोकातून नुसती वाळू,
गिट्टी आत गोल गोल फिरायला लागली
हलत्या दातासारखी.
वीतभर वर घेतलं, तिथं ड्रिल अडलं, किंचाळलं:
काँक्रीटचा पट्टा.
त्या साली सगळं पडल्यावर
घराघराच्या कमरेला बांधला होता, तो.
बिट तापून निळी झाली
आणि लाईट गेली.

तेव्हा ती उठून आली.
“किती स्क्रू घालालाव?”
“चार.”
“सहा घाला.”
“अगं, कागदावर चार लिहिलेत.”
“कागदवाला किल्लारीचा हाय का?”

सहा घातले. सहाही पट्ट्यात.
मुजीबनं खालून डोक्यावर कपाट पेललं,
मी वरून आवळत गेलो,
अर्धी भोकं हातानं, पान्यानं, घाम गाळत.
तो म्हणत राहिला, भाभी, अब हत्ती भी लटको,
हिलने का नै.

तिनं ते मनावर घेतलं.
पदर खोचला, स्टुलावर चढली,
दोन्ही हातांनी कपाटाची खालची कड धरली
आणि पाय सोडले.

अगं, गुडघे, मी म्हणालो.
ती लटकलेली. अठ्ठावन्न किलो.
बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरल्या.
मुजीब खिडकीबाहेर बघायला लागला.
मी स्क्रूंकडे बघत होतो
की तिच्या पायांकडे, आता सांगता येत नाही.
बिजागरी एकदा कुरकुरली.
दुसरं काही वाजलं नाही.

उतरली. हात झटकले.
“बरंय,” म्हणाली, आणि झाडू घेतला.

संध्याकाळी वर गेलं ते असं:
पापड, शेवया, गेल्या बारशाच्या उरलेल्या कागदी डिशा,
रिकाम्या प्लास्टिकच्या बरण्या झाकणासकट.
पितळ खालीच. काचेचं काही नाही.
तिसरं कपाट अजून खोक्यात आहे,
त्याची एक बिजागरी कमी आलीय,
दुकानदार फोन उचलत नाही.

रात्री पाणी प्यायला उठलो.
दिवा न लावता सवयीनं खाली वाकलो,
मग आठवलं, वर हात घातला.
बरण्यांच्या मागं, कोपऱ्यात,
स्टीलचे दोन पेले,
मधे फडकं दाबून बसवलेलं,
एकाला एक लागू नये असं.

एक काढला. प्यायलो.
धुतला, पुसला,
फडकं होतं तसं घातलं.