बकल

शिवडीच्या सात नंबर गोदामात
उत्तरेश्वर गुंजकर बेल्ट लावतो पाठीमागून.
म्हणजे बकल अडकवतो, आणि पट्ट्यावर टेकून बसतो.
मशीन बिचारं समजतं, माणूस बांधलेला आहे.
बीप बंद.

हेल्मेट आरशाला टांगलेलं.
त्यात दोन पेरू, मोबाइलचा चार्जर.

मी रोज सांगते. रोज तेच ऐकते:
"मॅडम, गाडी कलंडली तर उडी मारायला नको का?
बांधून घेतलं की गेलोच."
मागचे हमाल हसतात.
त्याला फोर्कलिफ्टवर सतरा वर्षं झाली,
मला या कामात पाच, त्यातही पहिलं फायलींत गेलं.

पोस्टर लावलं. त्यातल्या गोऱ्या माणसाला कुणीतरी मिशा काढल्या.
शंभर रुपये दंड लावला. तो मुकादमाने
चहाच्या हिशेबात जिरवला.
बारा डोक्यांना सात हेल्मेटं,
आतल्या पट्टीला दुसऱ्याच्या तेलाचा वास,
हे विचारल्यावर कळलं. विचारलं उशिरा.
आता बारा आहेत, प्रत्येकावर नाव, मार्करने, माझ्या अक्षरात.
पेरू पिशवीत गेले.
बेल्ट मात्र पाठीमागेच.

मग काल जेवणाच्या सुट्टीत
कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगितलं.
दारुखाना, माझी पहिली नोकरी.
रॅम्प ओला, पॅलेटवर पिंपं, गाडीवर नझीर शिकलगार.
त्याने उडी मारली.
चांगली मारली, लांब.
गाडीचं छप्पर त्याच्याहून लांब आलं.
सीटला ओरखडासुद्धा नव्हता.

"आणि रजिस्टर?" उत्तरेश्वरने विचारलं.
त्याला कसं सुचलं कोण जाणे.

रजिस्टरमध्ये त्या सकाळी
बेल्टच्या रकान्यात बरोबरची खूण होती.
निळ्या पेनाने.
पेन माझं.

कुणी काही बोललं नाही.
सोनटक्केने डबा बंद केला, पुन्हा उघडला,
उरलेली भाजी तशीच ठेवून उठला.
भोंगा वाजला.

आज सकाळी सोनटक्के पट्ट्यावर बसूनच चालवत होता.
मी काही म्हटलं नाही, पुढे गेले.
सात नंबरला उत्तरेश्वर.
पट्टा पोटावरून, खाली रुमाल,
शर्ट चुरगळू नये म्हणून.
माझ्याकडे बघेना.
मी खूण करायला पेन काढलं
तर म्हणाला, "थांबा. आधी ओढून बघा."

ओढून बघितला.
बोटभर सैल होता.