बर्फाचा हिशेब

वेंगुर्ल्याच्या बंदरावर एकवीस वर्षं मी बर्फ फोडला.
लादी कुठे टोचली की सरळ दुभंगते
हे हाताला अजून ठाऊक आहे.
आता हातात पिशवी असते :
निरोध, चाचणीच्या पट्ट्या, मीठ-साखरेच्या पुड्या,
आणि एक वही, जिच्यात कुणाचं नाव लिहायचं नाही.
वहीत तू आठ नंबर.
इथेही खरं नाव लिहीत नाही. भार्गव म्हणतो.

पहिल्यांदा तू 'बर्फ' म्हणालास
तेव्हा मला सुरमईच आठवली,
लाकडाचा भुसा,
पहाटे चारला ट्रकच्या फळीखाली गळणारं पाणी.
तू हसलास. तो नव्हे, काका.

शिरोड्याच्या अलीकडे, सुरूच्या बनामागे ते भाड्याचं घर.
शुक्रवारी दोन गाड्या, एक पुण्याची, एक बेळगावची.
खिडक्यांवर चादरी.
सोमवारी दूध घालणाऱ्या बाईला दिसतात
नुसते चपलांचे जोड.

मी विचारलं, का?
(विचारू नये असं प्रशिक्षणात सांगितलं होतं.)
तू बोटाने कुर्लीचं बीळ बुजवत बसलेलास.
म्हणालास, एरवी कुणी अंगाला हात लावला
की आत कुणीतरी खाकरतं.
बाबा असतील. देवळातले गुरव. शाळेतले पीटीचे मास्तर.
त्या तीन रात्री कुणी खाकरत नाही.

ओरोसहून साहेब येतात, आकडा विचारतात.
किती जण, किती वेळा, शेवटची तपासणी कधी.
मी सांगतो. आकडा लागतोच,
आकड्यावर औषधं येतात,
महिनाभर पट्ट्या नव्हत्या तेव्हा मीच भांडलो होतो.
पण खाकरण्याला रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं तर साहेब पेनाने गोल करतात :
हे काय?

नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात
त्याच घरातून एकाला बाहेर काढलं. उशिरा.
एकमेकांच्या तोंडाकडे बघण्यात दोन तास गेले :
पोलीस येतील, घरी कळेल.
आईला सांगितलं, समुद्रात पोहला, दमला.
तिने पिशवी उघडून बघितली
आणि मला विचारलं,
मगे कपडे कोरडे कशे?

तेव्हापासून फोन उशाखाली.

तुझा आला पावणेतीनला.
काका, भिंतीतून कोणीतरी बोलतंय.
म्हटलं, बोलू दे. दार उघडं ठेव. एकटा बसू नकोस.
अल्ताफ मुकादमची रिक्षा. त्याने काही विचारलं नाही,
फक्त आरशातून तुझ्याकडे बघत
गाणं बंद केलं.
ओरोसला नको म्हणालास, तिथे मावशी नर्स आहे.
म्हणून म्हापसा.
पुलाअलीकडे हवालदाराने टॉर्च मारला : काय झालाहा?
ताप, म्हटलं.
तू माझा अंगठा असा धरलेला
जसा पोर जत्रेत धरतं.

डॉक्टरीण तरुण होती.
तिने 'काय घेतलं' विचारलं, 'कधी' विचारलं.
'का' नाही विचारलं.
मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी परतताना कारखान्यापाशी थांबलो.
लादीचा एक तुकडा उचलायला दे म्हणालास.
छातीशी धरलास. सदरा भिजला.
'थंड आहे,' म्हणालास,
जणू कुणी खोटं सांगितलं होतं तुला आजवर.
खाली ठेव, म्हटलं, हात भाजेल.
थोडा वेळ नाही ठेवलास.
मग ठेवलास.

घरी पेज टाकली. वर सोलाचं लोणचं.
खाताना तुझे दात वाजत होते वाटीवर.

येत्या शुक्रवारी जाशील की नाही, विचारलं नाही.
पिशवीत दोन पुड्या जास्त घातल्या,
तुला दिसतील अशा.

वहीत, आठ नंबरपुढे : आला होता.
शेऱ्यात : पेज, दोन वाट्या.
साहेब गोल करतील.
करू देत.